कापडाचा रंग कोणाच्या डोळ्यांनी मोजायचा?

१.
धुलाईनंतर कापडाचा रंग किती उतरला, दोन ताग्यांची शेड जुळते की नाही, शर्टावर चुण्या किती राहिल्या, हे प्रश्न आता कॅमेऱ्यापुढे ठेवले जातात. कॅमेरा चित्र टिपतो, संगणक अंक देतो आणि त्या अंकावर माल पास होतो किंवा परत जातो. 'यंत्राने सांगितले' असे म्हटले की वाद मिटतो. पण यंत्राने दिलेला अंक बरोबर आहे हे ठरवले कोणी? या प्रश्नाचे उत्तर सुमारे दोनशे वर्षांच्या इतिहासात आहे. सविस्तर धागा.

२.
या धाग्याचे म्हणणे आरंभीच सांगितलेले बरे. कापडाच्या चित्रावरून काढलेला कोणताही अंक हा अखेर माणसांनी दिलेल्या निवाड्यांचा सारांश असतो. म्हणून त्या निवाड्यांचा हिशेब अंकासोबत उघडपणे दिला गेला पाहिजे. किती डोळ्यांनी पाहिले, ते कोणाचे होते, कोणत्या प्रकाशात पाहिले आणि त्यांच्यात आपापसांत मतभेद किती होता, हे सांगितल्याशिवाय अंकाला अंतिम शब्दाचा मान देणे अन्यायाचे आहे.

३.
आरंभ पॅरिसपासून. १८२४ साली मिशेल यूजेन शेव्रल हे रसायनशास्त्रज्ञ गोबलँ येथील राजकीय विणकामशाळेत रंगाई विभागाचे प्रमुख झाले. ही शाळा भव्य भित्तिपटांसाठी प्रसिद्ध होती. तिथल्या विणकरांची एक तक्रार होती: निळ्या आणि जांभळ्या वस्त्रांच्या छटा विणताना वापरायची काळी लोकर फिकी दिसते, तिच्यात जोर नाही. याचा सरळ अर्थ असा होता की रंगाऱ्यांचे काम कच्चे आहे.

४.
शेव्रल यांनी गोबलँची काळी लोकर इतर नामांकित कारखान्यांच्या काळ्या लोकरीशेजारी ठेवून पाहिली. ती कुठेही उणी नव्हती. रंग पक्का होता आणि रसायनही बरोबर होते. मग विणकर खोटे बोलत होते काय? तेही नाही. काळा धागा निळ्याच्या किंवा जांभळ्याच्या शेजारी बसला की डोळ्याला तो वेगळा भासतो, कारण शेजारचा रंग आपल्या विरोधी रंगाची झाक त्याच्यावर चढवतो. दोष ना लोकरीत होता ना विणकरात. तो पाहण्याच्या प्रक्रियेत होता.

५.
या शोधातून १८३९ साली शेव्रल यांचा रंगांच्या परस्परविरोधावरील मोठा ग्रंथ आला आणि त्याने पुढे चित्रकारांनाही वाट दाखवली. कापडाच्या इतिहासाला मात्र त्यातून मिळालेला धडा निराळा आहे. वस्तूची सुटी तपासणी एक सांगते आणि वापरातली नजर दुसरे सांगते, तेव्हा दोन्ही खरी असू शकतात. शेव्रल यांनी विणकरांची तक्रार 'नजरेचा भ्रम' म्हणून झटकून टाकली असती, तर हा नियम हाती लागलाच नसता. त्यांनी नजरेला पुरावा मानले आणि त्या पुराव्याची चौकशी केली.

६.
पण नजर एकसारखी कुठे असते? १७९४ साली मँचेस्टरच्या विद्वत्सभेत जॉन डाल्टन यांनी एक निबंध वाचला. पुढे अणुसिद्धांतामुळे जगाला माहीत झालेले डाल्टन हे एका विणकराचे पुत्र. आपल्याला काही रंग इतरांसारखे दिसत नाहीत, लाल रंगाच्या बाबतीत तर विशेष फरक पडतो, हे त्यांनी पद्धतशीर निरीक्षणांनी मांडले. रंगांधत्वाचा तो पहिला शास्त्रीय वृत्तांत मानला जातो. आज माहीत आहे की युरोपीय वंशाच्या पुरुषांमध्ये सुमारे ८ टक्क्यांना लाल-हिरव्याच्या भेदात कमीअधिक अडचण असते. शिवाय वय वाढते तसे डोळ्याचे भिंग पिवळसर होत जाते आणि निळ्या छटांचा निवाडा बदलतो.

७.
म्हणजे एका डोळ्यावर विसंबता येत नाही आणि डोळ्याला वगळताही येत नाही. विसाव्या शतकाने यावर काढलेला तोडगा म्हणजे सरासरी. ब्रिटनमध्ये डेव्हिड राइट यांनी १० आणि जॉन गिल्ड यांनी ७ निरीक्षकांकडून रंग जुळवण्याचे प्रयोग करून घेतले. त्या १७ जणांच्या निरीक्षणांतून १९३१ साली केंब्रिज येथे भरलेल्या आंतरराष्ट्रीय प्रकाश आयोगाच्या अधिवेशनात 'मानक निरीक्षक' जन्माला आला. हा कोणी माणूस नव्हे. तो आकड्यांचा एक तक्ता आहे. आज जगातले जवळजवळ प्रत्येक रंगमापक यंत्र या ना त्या रूपाने त्या तक्त्याचे किंवा त्याच्या १९६४ च्या सुधारित भावंडाचे ऋणी आहे.

८.
याच काळात यंत्रेही आली. अमेरिकेत एमआयटीचे आर्थर हार्डी यांनी तयार केलेला स्वयंलेखी वर्णपटमापक १९३० च्या दशकात बाजारात आला. कापडावर पडलेल्या प्रकाशातला कोणत्या तरंगलांबीचा किती भाग परततो, हे तो आलेखावर काढून देई. आता दोन कापडांतील रंगाचा फरक एका अंकात सांगता येईल, अशी आशा निर्माण झाली. १९७६ साली आयोगाने 'सीलॅब' ही रंगमापन पद्धती स्वीकारली. तिच्यात दोन रंगांमधले अंतर 'डेल्टा-ई' या एकाच अंकात मिळते.

९.
अडचण अशी की अंकातले अंतर आणि डोळ्यातले अंतर यांचे प्रमाण सर्वत्र सारखे नव्हते. हे १९४२ सालीच दिसून आले होते. कोडॅक कंपनीत डेव्हिड मॅकॅडम यांनी प्रामुख्याने एकाच निरीक्षकाकडून रंग जुळवण्याचे सुमारे २५,००० प्रयत्न करून घेतले. रंगपटावरच्या २५ ठिकाणी 'इथपर्यंतचा फरक कळत नाही' अशी सीमा आखली, तेव्हा लहानमोठी, तिरपी लंबवर्तुळे उमटली. हिरव्या भागात ती मोठी होती आणि निळ्या भागात अगदी चिमुकली. सीलॅबने ही विषमता पुष्कळ कमी केली. ती पूर्णपणे गेली नाही.

१०.
ही विषमता प्रयोगशाळेत कुतूहलाची बाब होती, तर कारखान्यात तिचा अर्थ थेट पैशाशी जोडलेला होता. एकाच मर्यादेने, समजा डेल्टा-ई १ या मर्यादेने, सर्व रंगांचा माल तपासला तर करड्या रंगाचा डोळ्याला खटकणारा लॉट पास होतो आणि गडद, भडक लाल रंगाचा डोळ्याला चालणारा लॉट नापास होतो. रंगाऱ्याला पुन्हा रंगाई करावी लागते. पाणी, वाफ, रसायन आणि मजुरी यांचा खर्च दुप्पट होतो, आणि तोही डोळ्याला न दिसणाऱ्या दोषासाठी.

११.
या प्रश्नावरचे एक निर्णायक काम विद्यापीठातून आले नाही. ते शिवणाच्या धाग्याच्या कंपनीतून आले. स्कॉटलंडमधल्या पेझली गावी एकोणिसाव्या शतकात वाढलेल्या 'जे अँड पी कोट्स' कंपनीचा धागा जगभर जात असे. कापडाशी धाग्याचा रंग जुळला नाही तर शिवण उघडी दिसते. त्यामुळे शेड जुळवणे हाच या धंद्याचा प्राण. तिथे आर. मॅक्डोनाल्ड यांनी ५५ निरनिराळ्या रंगांभोवती पॉलिएस्टर धाग्याच्या ६४० जोड्या जमवल्या आणि त्या आठ व्यावसायिक रंगपरीक्षकांपुढे ठेवल्या. प्रश्न एकच होता: पास की नापास?

१२.
या निवाड्यांवरून सूत्र घडवण्यात आले. डोळ्याने ज्या दिशेला सवलत दिली, तिथे सूत्रानेही दिली. डोळा जिथे कठोर झाला, तिथे सूत्रही कठोर झाले. या कामातून 'जेपीसी ७९' हे सूत्र निघाले. इंग्लंडच्या 'सोसायटी ऑफ डायर्स अँड कलरिस्ट्स' या रंगाऱ्यांच्या संस्थेच्या रंगमापन समितीने त्यात सुधारणा केली आणि १९८४ साली 'सीएमसी' सूत्र प्रसिद्ध झाले. १९९५ मध्ये ते कापडासाठीच्या आंतरराष्ट्रीय मानकात गेले.

१३.
सीएमसी सूत्रातली एक बारीक गोष्ट पुष्कळ काही सांगून जाते. त्यात दोन वजने वापरणाऱ्याने ठरवायची असतात. 'फरक दिसतो का?' असे विचारायचे असेल तर उजळपणा आणि रंगतीव्रता यांना १:१ हे प्रमाण घेतात. 'फरक चालेल का?' असे विचारायचे असेल तर कापडासाठी २:१ घेतात, म्हणजे उजळ-गडद या दिशेने दुप्पट सवलत मिळते. कापड तेच, यंत्र तेच, मोजणीही तीच; प्रश्न बदलला की उत्तर बदलते. 'दिसणे' आणि 'चालणे' यांतला हा भेद यंत्राला स्वतःहून कळण्याजोगा नाही. तो धंद्यातल्या माणसांनी सूत्रात घातला.

१४.
पुढचा टप्पा २००१ चा. 'सीआयईडीई २०००' हे सूत्र चार वेगवेगळ्या संचांतील एकूण ३,६५७ जोड्यांच्या मानवी निवाड्यांवर बेतलेले आहे. यांतील काही नमुने कापडाचे होते, तर काही मोटारींच्या रंगलेपासारख्या गुळगुळीत पृष्ठभागांचे. सूत्र उत्तम आहे आणि त्याचा वापर सर्वत्र होतो. पण गुळगुळीत पत्र्यावर घेतलेली साक्ष खरबरीत खादीला, मखमलीला किंवा रेशमाला जशीच्या तशी लागू पडेल, असे गृहीत धरणे म्हणजे साक्षीदार न बदलता खटला बदलण्यासारखे आहे.

१५.
आता कॅमेऱ्याकडे वळू. कापडाच्या प्रयोगशाळांत रंगाचा पक्केपणा ठरवण्याची जुनी रीत 'ग्रे स्केल' या नावाने ओळखली जाते. ती म्हणजे करड्या पट्ट्यांच्या जोड्यांची मोजपट्टी. ५ म्हणजे काहीच फरक नाही आणि १ म्हणजे मोठा फरक. मधल्या अर्ध्या पायऱ्या धरून एकूण नऊ प्रती होतात. धुण्याआधीचे आणि नंतरचे कापड शेजारी ठेवून, त्यांच्यातला फरक कोणत्या जोडीइतका आहे हे परीक्षक डोळ्याने ठरवतो. २०१२ साली आयएसओने १०५-ए११ हे मानक काढून हीच प्रत डिजिटल चित्रावरून ठरवण्याची रीत मांडली.

१६.
याचे फायदे खरे आहेत आणि ते मान्य केले पाहिजेत. कॅमेरा दमत नाही. सकाळी दिलेली प्रत तो संध्याकाळी बदलत नाही. वर्णपटमापकाला कापडाचा सपाट, एकरंगी तुकडा लागतो. कॅमेरा छापील फुलातली एक पाकळीही मोजू शकतो. चित्र जपून ठेवता येते, त्यामुळे वाद झाल्यास सहा महिन्यांनीही ते पुन्हा पाहता येते. डोळ्याने दिलेल्या प्रतीचा असा कोणताही पुरावा मागे उरत नाही.

१७.
मर्यादाही तितक्याच खऱ्या आहेत. कॅमेऱ्याच्या संवेदकावर लाल, हिरवे आणि निळे गाळणे बसवलेले असतात. त्या गाळण्यांची संवेदनशीलता माणसाच्या दृष्टिपटलाशी तंतोतंत जुळत नाही. त्यामुळे डोळ्याला सारखे दिसणारे दोन रंग कॅमेऱ्याला वेगळे दिसू शकतात आणि डोळ्याला वेगळे दिसणारे दोन रंग कॅमेऱ्याला सारखे. ज्ञात रंगांच्या पट्टीवर कॅमेरा आधी जुळवून घेतला तरी हा दोष कमी होतो, नाहीसा होत नाही.

१८.
प्रकाशाचा प्रश्न तर प्रत्येक मराठी घराला ठाऊक आहे. मॅचिंग सेंटरमध्ये ब्लाउजपीस साडीशी जुळवून झाला की जाणती बाई तो दुकानाच्या दारात, उजेडात नेऊन पाहते. ट्यूबलाइटखाली जुळलेला रंग उन्हात फुटू शकतो, हे तिला अनुभवाने माहीत असते. दोन कापडांवरची रंगद्रव्ये वेगळी असतील तर ती एका प्रकाशात सारखी आणि दुसऱ्यात निराळी दिसतात. कॅमेऱ्याची पेटी मात्र सहसा एकाच ठरावीक प्रकाशात चित्र घेते. त्या पेटीतला अंक दारातल्या उजेडाबद्दल काही सांगत नाही.

१९.
पैठणीतली धूपछाव हे याहून कठीण उदाहरण. ताणा एका रंगाचा आणि बाणा दुसऱ्या रंगाचा असल्यामुळे पदर हलला की रंग पालटतो. त्या वस्त्राचे मोल या पालटण्यातच आहे. सरळ वरून घेतलेल्या एका चित्रातून काढलेला सरासरी रंग हा त्या पैठणीतला कोणताच रंग नसतो. अशा वस्त्रासाठी मोजणी निरुपयोगी आहे असे नव्हे. पण अनेक कोनांतून चित्रे घेऊन, विणकर आणि जाणकार ग्राहक यांच्या निवाड्याशी ती ताडून पाहिल्याखेरीज अंकाला अर्थ येत नाही.

२०.
रंगापलीकडेही हेच घडते. इस्त्रीवाचून वापरायच्या कापडाचा गुळगुळीतपणा ठरवण्यासाठी अमेरिकेतल्या 'एएटीसीसी' संस्थेच्या चाचणी क्रमांक १२४ मध्ये चुण्यांचे सहा उठावदार नमुने दिलेले आहेत. तीन प्रशिक्षित परीक्षकांनी एकमेकांशी न बोलता तीन तुकड्यांना प्रत द्यायची आणि नऊ निरीक्षणांची सरासरी काढायची, अशी रीत आहे. एकाच्या नजरेवर भरवसा ठेवू नये, हे शहाणपण या रीतीतच विणलेले आहे. हेच काम चित्रावरून करणाऱ्या प्रणालीला या नऊ निरीक्षणांच्या कसोटीवर उतरावे लागते.

२१.
उतरली म्हणजे काय, इथे खरी मेख आहे. पुष्कळदा 'कॅमेरा आणि माणूस यांच्यातला सहसंबंध उत्तम आहे' एवढेच सांगितले जाते. एक काल्पनिक उदाहरण घेऊ. परीक्षकांनी चार कापडांना ४.५, ४, ३.५ आणि ३ अशा प्रती दिल्या. कॅमेऱ्याने त्यांनाच ४, ३.५, ३ आणि २.५ दिल्या. सहसंबंध परिपूर्ण, म्हणजे १ आला. पण खरेदीदाराची अट 'किमान ४' अशी असेल तर माणसांच्या हिशेबाने दोन कापडे पास होतात आणि कॅमेऱ्याच्या हिशेबाने एकच. दुसऱ्या कापडाचा मालक परिपूर्ण सहसंबंध घेऊन काय करणार?

२२.
सहसंबंध आणि सहमती या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. वैद्यकात हा भेद मार्टिन ब्लँड आणि डग्लस ऑल्टमन यांनी १९८६ साली 'लॅन्सेट' मधील निबंधात इतक्या स्पष्टपणे मांडला की तो निबंध मोजमापाच्या शास्त्रात मैलाचा दगड ठरला. दोन पद्धतींची तुलना करताना प्रत्येक नमुन्यातला फरक पाहा, तो सरासरीने किती आहे आणि किती पसरतो ते सांगा, ही त्यांची साधी शिकवण. रक्तदाबाच्या यंत्राला लावलेली ही कसोटी कापडाच्या कॅमेऱ्याला न लावण्याचे काहीच कारण नाही.

२३.
आणखी एक प्रश्न क्वचितच विचारला जातो: माणसे आपापसांत किती जुळतात? आठ परीक्षकांचे मत एका नमुन्यावर चार-चार असे विभागले गेले, तर तिथे 'खरे उत्तर' म्हणून सरासरी पुढे करणे हा सोयीचा खोटेपणा आहे. अशा नमुन्यावर यंत्राने दिलेले उत्तर ना बरोबर असते ना चूक. तो नमुनाच सीमेवरचा असतो. त्याचप्रमाणे एकाच परीक्षकाला तोच तुकडा, तो ओळखू न देता, पुन्हा दाखवला तर त्याचे उत्तर किती वेळा बदलते, हेही नोंदले पाहिजे. माणसांचा आपसातला विसंवाद जितका आहे, त्याहून अधिक अचूकतेचा दावा यंत्राच्या नावाने करता येत नाही.

२४.
यावर एक रास्त आक्षेप येतो. माणसाची नजर थकते, हितसंबंधांना बळी पडते, कधी विकलीही जाते. मग तिलाच प्रमाण का मानायचे? महाराष्ट्राला या आक्षेपाची धार चांगली ठाऊक आहे. १९७२ पासून राज्यात कापसाची एकाधिकार खरेदी योजना चालली. खरेदी केंद्रावर ग्रेडर बोंडातला कापूस हातात घेऊन, नजरेने पाहून प्रत ठरवी आणि प्रतीवरून भाव ठरे. गाडीभर कापूस घेऊन आलेल्या शेतकऱ्याचे वर्षभराचे कष्ट एका माणसाच्या एका दृष्टिक्षेपावर टांगलेले असत. त्या शेतकऱ्याला यंत्राची प्रत हवीशी वाटली तर ते स्वाभाविकच आहे.

२५.
पण या आक्षेपाचे उत्तर त्याच्यातच दडलेले आहे. तिथे अन्याय होण्याची जागा 'डोळा' ही नव्हती. एकच डोळा, तोही खरेदीदाराच्या बाजूचा, आणि त्याच्या निवाड्याची फेरतपासणी करण्याची सोय नाही, या तीन गोष्टी एकत्र आल्या की अन्यायाला वाट मिळते. उद्या याच निवाड्यांवर एखादे यंत्र घडवले तर तो एकच डोळा यंत्रात जाऊन बसेल, आणि मग त्याच्याशी वादही घालता येणार नाही. ग्रेडरला निदान 'पुन्हा बघा साहेब' असे म्हणता येत होते.

२६.
कापसाच्याच क्षेत्रात चांगला मार्गही दिसतो. अमेरिकेच्या कृषी खात्यात १९२७ पासून काम करणाऱ्या डोरोथी निकरसन यांनी कापसाच्या रंगाच्या प्रती आणि प्रतवारीच्या खोलीतला प्रकाश यांचा दीर्घ अभ्यास केला. रिचर्ड हंटर यांच्यासह त्यांचे नाव कापसाच्या रंगमापक यंत्राला जोडलेले आहे. आधी प्रकाश प्रमाणित झाला, नमुन्यांच्या पेट्या प्रमाणित झाल्या, प्रतवारीकारांचे निवाडे तपासले गेले आणि त्यानंतर यंत्र आले. हे काम काही वर्षांचे नव्हते, दशकांचे होते. मुंबईतही माटुंग्याला १९२४ पासून कापसाची तंत्रप्रयोगशाळा आहे; आज ती केंद्रीय कापूस तंत्रज्ञान संशोधन संस्था म्हणून ओळखली जाते. असे काम इथल्या मालावर करायला शंभर वर्षे जुनी जागा आपल्याकडे आहे.

२७.
दुसरा आक्षेप खर्चाचा. प्रत्येक कापडासाठी आठ परीक्षक कोण बसवणार? प्रत्येक कापडासाठी ते लागतच नाहीत. कापडाच्या प्रत्येक जातीसाठी एकदा, आणि पुढे ठरावीक काळाने थोड्या नमुन्यांवर, एवढी तपासणी पुरते. मॅक्डोनाल्ड यांच्या ६४० जोड्यांवरून निघालेले काम आज चार दशकांनंतरही असंख्य लॉटांचा निकाल लावते आहे. चोख साक्ष एकदाच काढावी लागते, तिचे फळ मात्र दीर्घकाळ मिळते. उलट, इचलकरंजीच्या किंवा सोलापूरच्या एखाद्या छोट्या रंगाई कारखान्याचा लॉट चुकीच्या अंकामुळे परत आला, तर त्याचा खर्च त्या कारखान्याला एकट्यालाच सोसावा लागतो.

२८.
तिसरा आक्षेप: चांगले सूत्र एकट्या माणसापेक्षा अधिक भरवशाचे असते. हे खरे आहे, आणि या धाग्याचा त्याला विरोध नाही. एकटा परीक्षक मंडळाच्या सरासरीपासून अनेकदा ढळतो. मंडळाच्या निवाड्यावर घडवलेले सूत्र त्या सरासरीला चिकटून राहते. पण इथेही सूत्राचा मोठेपणा मंडळाकडून आलेला आहे. मंडळ लहान, एकसारखे किंवा कोणा एकाच्या बाजूचे असेल, तर सूत्र त्याची चूक तितक्याच निष्ठेने जपते.

२९.
म्हणून मागणी पाच गोष्टींची आहे. पहिली, परीक्षक किती होते, त्यांची रंगदृष्टी तपासली होती का आणि ते कोणत्या बाजूचे होते, हे नोंदवावे. रंगारी, विणकर, व्यापारी आणि ग्राहक या सर्वांचे डोळे त्यात असावेत. दुसरी, नमुने त्याच जातीच्या कापडाचे असावेत. पत्र्यावरची साक्ष खादीला लावू नये. तिसरी, प्रकाश कोणता होता आणि कापड कोणत्या कोनातून पाहिले, हे सांगावे. चौथी, सहसंबंधासोबत प्रत्यक्ष फरक, त्याचा पसारा आणि परीक्षकांचा आपसातला मतभेद द्यावा. पाचवी, सीमेवरच्या मालाचा निकाल केवळ अंकावर न लावता तो माल पुन्हा अनेक डोळ्यांपुढे ठेवावा.

३०.
यातले काहीही नवे किंवा अशक्य नाही. गोबलँच्या रंगशाळेत, कोट्सच्या परीक्षकांच्या खोलीत आणि कापसाच्या प्रतवारीकेंद्रांत यातला काही ना काही भाग पूर्वीच घडून गेला आहे. चित्रमापनाच्या सोयीमुळे तो विसरला जाण्याचा धोका आता निर्माण झाला आहे, कारण अंक चटकन मिळतो आणि त्यामागची माणसे दिसत नाहीत. माल परत पाठवणाऱ्या कागदावर 'प्रत ३.५' असे लिहिलेले असेल, तर ज्याचा माल परत आला त्याला 'हे ३.५ कोणाच्या डोळ्यांनी?' असे विचारण्याचा हक्क आहे. आणि त्याचे उत्तर त्याच कागदावर छापलेले असले पाहिजे.